आकडा आणि आकडे : शर्यती सायकलींच्या नव्या रिमांविषयीच्या शंका

१

मराठीत ‘आकडा’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. वस्तू अडकवून ठेवणारा वाकडा खिळा किंवा बाक तो एक आकडा आणि संख्या दर्शविणारे चिन्ह तो दुसरा. या दोन्ही अर्थांचा मागोवा संस्कृतातील ‘अंक’ या शब्दापर्यंत नेता येतो. बाक, खूण आणि संख्या हे तिन्ही अर्थ त्या शब्दाला आहेत. कोशात एकमेकांशेजारी नांदणारे हे दोन अर्थ आज सायकलच्या चाकाच्या एका वादात मात्र परस्परांसमोर उभे राहिले आहेत. शर्यतीच्या सायकलींच्या चाकांना गेल्या काही वर्षांत नव्या घडणीच्या रिमा बसविल्या जात आहेत. टायरचा काठ अडकवून धरणारा आकडा त्यांच्या कडेवरून काढून टाकलेला असतो. त्याच्या जागी टायर धरून ठेवण्याचे काम आता मापांच्या आकड्यांवर सोपविलेले आहे. हा पालट कितपत सुरक्षित आहे, असा प्रश्न व्यावसायिक सायकलपटूंनी विचारला आहे, आणि तो केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नाही. शब्द, संज्ञा आणि संख्या यांचा नेमका अर्थ वापरणाऱ्यापर्यंत पोचतो की नाही, हाही त्याचाच एक भाग आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही अंगांचे विवेचन करावयाचे आहे.

विवेचनासाठी नांदगाव खंडेश्वर हे स्थळ डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे तालुक्याचे गाव. तेथील खंडेश्वराच्या मंदिरातील यादवकालीन शिलालेखामुळे ते भाषाभ्यासकांना परिचित आहे. बैलगाडीचे लाकडी चाक, काळी मालवाहू सायकल आणि आता शर्यतीची हलकी सायकल, अशी चाकाची तीन रूपे या परिसराने पाहिली आहेत. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला असला तरी त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. सायकलस्वाराला जुन्या रस्त्यांवरूनच जावे लागते. अमरावती व अकोला यांच्या दरम्यान २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. असे गुळगुळीत पृष्ठभाग मिळू लागले म्हणजे वेगवान सायकलींची हौसही वाढते आणि त्यांच्या चाकांचे प्रश्न दूर युरोपातले राहत नाहीत.

२

चाकाच्या घडणीत मूळ अडचण एकच आहे. चाकाचा भार वाहणारा सांगाडा आणि जमिनीशी झिजणारी बाहेरची पट्टी ही दोन वेगवेगळी अंगे असतात. ती एकत्र कशी धरून ठेवावयाची?

वेदकालीन भाषेत या अंगांना स्वतंत्र नावे होती. मध्यभागी ‘नाभि’, तिच्यातून निघणारे ‘अर’, त्यांना वेढणारी ‘नेमि’, नेमीचे तुकडे ते ‘प्रधि’ आणि नेमीवर चढविलेली धातूची पट्टी तो ‘पवि’. मराठीत ‘अर’ हा ‘आरा’ या रूपाने टिकला. नाभीला ‘तुंबा’ आणि नेमीच्या लाकडी तुकड्यांना ‘पुठ्ठे’ हे शब्द आले. ‘पवि’ पूर्णपणे लोपला व त्याच्या जागी ‘धाव’ हा अर्थपूर्ण शब्द रूढ झाला. जमिनीवर प्रत्यक्ष धावते ती धाव. वऱ्हाडातील बंडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्याची रीत सर्वपरिचित आहे. सुताराने जुळविलेल्या पुठ्ठ्यांचा परीघ मोजला जाई. लोहार त्याहून किंचित कमी परिघाची धाव तयार करी. ती तापवून फुगली की चाकावर चढवीत आणि वरून पाणी ओतीत. थंड होताना धाव आकसे व सर्व पुठ्ठे आवळून धरी. या जोडणीत प्रधान भाग मापाचा होता. आकड्याचे काम माप करी. हे माप चुकले तर धाव एकतर चढत नसे किंवा उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर सैल होऊन निघून येई. परंतु सुतार आणि लोहार एकाच गावात राहत, मापाची दोरी दोघांच्या हातात असे आणि चुकीचा जाब विचारण्यास शेतकरी दाराशी येई. ही शेवटची गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

३

हवा भरलेल्या टायरने अडचणीचे स्वरूप पालटले. धाव चाकाला आतल्या बाजूस आवळते. टायरमधील हवा मात्र टायरला चाकापासून दूर लोटते. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे एकस्व घेतले. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९० मध्ये, टायर रिमेवर धरून ठेवण्याचे दोन भिन्न मार्ग पुढे आले. बार्टलेट यांच्या पद्धतीत टायरचा जाड काठ रिमेच्या आत वळलेल्या कडेखाली अडकत असे. वेल्च यांच्या पद्धतीत टायरच्या काठात न ताणणारी तार घातलेली असे. तारेचे वर्तुळ रिमेच्या कडेपेक्षा लहान असल्यामुळे ती कडेवरून वर येऊ शकत नसे. पहिली पद्धत आकड्याची, तर दुसरी मापाची. सायकलच्या टायरचा पुढचा सारा इतिहास या दोन तत्त्वांच्या मिलाफाचा आहे.

भारतात खेडोपाडी पोचलेल्या काळ्या सायकलची २८ × १½ इंच मापाची पोलादी रिम वेल्चच्या तत्त्वावर उभी होती. तिच्या आतील कडेवर आकडा नसे. पोलादी तार, मध्यम दाबाची हवा आणि आत ट्यूब एवढ्यावर ती पिढ्यान्पिढ्या चालली. म्हणजे बिनआकड्याची रिम ही वऱ्हाडाला नवी वस्तू नाही. पुढे १९७० च्या दशकात शर्यतीसाठी अरुंद, घडी घालता येणारे आणि फार उच्च दाबाचे टायर आले. त्यांच्या काठात पोलादी तारेऐवजी अरामिड तंतू होते. तेव्हा तारेच्या जोडीला रिमेच्या कडेवर आत वळलेला लहान आकडाही देण्यात आला. तारेने टायर वर येऊ द्यावयाचा नाही आणि किंचित आला तर आकड्याने तो अडवावयाचा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. दोहोंपैकी एक चुकले तरी दुसरे सांभाळून घेई.

ही दुहेरी व्यवस्था आता एकेरी का करण्यात आली? त्याची कारणे खोटी नाहीत. आजच्या महाग रिमा कार्बन तंतूंच्या असतात व साच्यात घडविल्या जातात. आत वळलेला आकडा साच्यातून काढणे अवघड असते. त्यासाठी अधिक श्रम लागतात व माल अधिक वाया जातो. सरळ कड घडविण्यास सोपी असते, तिचे माप अधिक काटेकोर राखता येते आणि ती जाड ठेवता येत असल्यामुळे खड्ड्याचा आघात अधिक सोसते. रुंद रिम व रुंद टायर यांची बाह्यरेषा एकसंध झाल्याने वाऱ्याचा अवरोधही घटतो. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये चिकट द्रव घातलेला असतो व तो लहान छिद्रे आपोआप बुजवितो. बाभळीच्या काट्यांनी भरलेल्या वऱ्हाडी वाटांवर हा गुण लहानसहान म्हणता येणार नाही. मोटारगाडीच्या चाकालाही आकडा नसतो, असाही युक्तिवाद केला जातो. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे. मोटारीच्या टायरमधील दाब सामान्यतः २ ते २.५ बार असतो, काठ जाड पोलादी तारांचा असतो, आणि तो आत घसरू नये म्हणून रिमेवर उंचवटाही ठेवलेला असतो.

४

आकडा नसताना टायर कोणत्या बळाने टिकतो, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. टायरचा छेद वर्तुळाकार आहे असे मानले, तर प्रत्येक काठाला वर ओढणारे बल हवेचा दाब आणि रिमेची आतील रुंदी यांच्या गुणाकाराच्या निम्मे येते. ५ बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.५ न्यूटन. रिमेची आतील रुंदी २५ मिलिमीटर असेल तर काठाच्या दर मिलिमीटर लांबीवर ६.२५ न्यूटन बल येते. काठाच्या वर्तुळाची त्रिज्या ३११ मिलिमीटर धरली तर तारेतील ताण सुमारे १९४४ न्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन क्विंटल कापसाच्या वजनाइतका होतो. घर्षणामुळे प्रत्यक्षात तो काहीसा कमी पडेल, परंतु प्रमाण ध्यानात येण्यास हा हिशेब पुरेसा आहे.

या सूत्रातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. जुन्या १५ मिलिमीटर रुंदीच्या रिमेवर ८ बार दाब भरला तरी तारेतील ताण सुमारे १८६६ न्यूटनच होता. म्हणजे आजच्या रुंद रिमेवर केवळ ५ बार भरले तरी तारेला पूर्वीपेक्षा थोडा अधिकच ताण सोसावा लागतो. याच रुंद रिमेवर जुन्या सवयीने ८ बार भरले तर ताण सुमारे ३११० न्यूटन, म्हणजे तीन क्विंटलांहून अधिक होईल. आकडारहित रिमांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी ५ बार, म्हणजे ७२.५ पौंड, ही कमाल मर्यादा का घातली, हे यावरून उघड होते.

दुसरी बाब टायरच्या रुंदीची. हवेच्या दाबामुळे टायरचे कापड काठाला वर ओढते, तसेच बाहेर, रिमेच्या भिंतीकडेही लोटते. भिंतीवरचा हा रेटा काठाला घर्षणाने धरून ठेवतो. २५ मिलिमीटर रुंदीच्या रिमेवर ३२ मिलिमीटरचे टायर ५ बार दाबाने फुगविले असता कापडाच्या ओढीने येणारा हा रेटा दर मिलिमीटरला सुमारे ५ न्यूटन येतो. त्याच रिमेवर २८ मिलिमीटरचे टायर घातले तर तो ३.१५ न्यूटनांवर उतरतो. वर ओढणारे बल दोन्ही वेळा सारखेच, परंतु धरून ठेवणारा रेटा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटलेला. म्हणून केवळ तीन-चार मिलिमीटरांचा फरक येथे क्षुल्लक राहत नाही. २५ मिलिमीटर रुंदीच्या आकडारहित रिमेवर टायर किमान २९ मिलिमीटरचे असावे, अशी मर्यादा मानकात पुढे घालण्यात आली ती याच जातीची आहे.

तिसरी बाब तारेच्या लांबीची. ६२२ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे १९५४ मिलिमीटर होतो. काठ ताणून केवळ शेकडा एक वाढला तर व्यास ६.२ मिलिमीटरने वाढतो, आणि सगळी ढिलाई एका बाजूस गोळा झाली तर त्या जागी काठ तेवढाच वर येऊ शकतो. रिमेची कड मुळात काही मिलिमीटरच उंच असते. आकडा असता तर याच क्षणी तो उपयोगी पडला असता.

५

या शंका प्रथमपासून जाणकारांत बोलल्या जात होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील टप्प्यांच्या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेंट पडला व त्याच्या पुढच्या चाकावरून निसटलेल्या टायरची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. तेव्हा त्या शंकांना जाहीर वादाचे रूप आले. त्या चाकाची रिम २५ मिलिमीटर रुंदीची व आकडारहित होती आणि टायर २८ मिलिमीटरचे होते. रस्त्यावरील वस्तूचा जबर आघात हे अपघाताचे मूळ कारण असल्याचे संघाच्या व उत्पादकांच्या बाजूने मांडण्यात आले. व्यावसायिक सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष अॅडम हॅन्सन यांनी मात्र अशा रिमांना उघड विरोध नोंदविला. आघात झाल्यावरही टायर रिमेवर टिकले पाहिजे, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने या प्रश्नाचा तातडीने विचार करण्याचे जाहीर केले.

येथे दोन्ही पक्षांचे म्हणणे काळजीपूर्वक वेगळे केले पाहिजे. एका अपघातावरून एखादी घडण सदोष ठरत नाही. आघाताने आकड्याच्या रिमाही फुटतात व टायर निसटतात. परंतु सुरक्षिततेचा प्रश्न ‘सर्व नियम पाळले असता काय होते’ एवढाच नसतो. ‘एखादा नियम थोडासा मोडला असता काय होते’ हाही तो असतो. आकड्याची रिम वापरणाऱ्याच्या चुका बऱ्याच अंशी पोटात घालते. बिनआकड्याची रिम त्या चुका कमी प्रमाणात क्षमा करते. सायकलच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकात टायर कमाल दाबाच्या ११० टक्के फुगवून किमान पाच मिनिटे रिमेवर टिकले पाहिजे, अशी कसोटी आहे. ५ बारच्या मर्यादेत याचा अर्थ ५.५ बार होतो. ही पुरेशी सवलत आहे काय, हा वादाचा गाभा आहे.

वऱ्हाडच्या हवेत या प्रश्नाला विशेष धार येते. समजा, पहाटे २५ अंश तापमानात सायकलस्वाराने नेमके ५ बार भरले आणि वैशाखातील दुपारी तापलेल्या डांबरावर टायरमधील हवा ५० अंशांपर्यंत गेली. आकारमान तेच राहिले असे धरले तर वायुनियमानुसार दाब ५.५ बार होतो. म्हणजे कसोटीतील शेकडा दहांची सवलत हवामानच संपवून टाकते. त्याच क्षणी चाक खड्ड्यात गेले तर शिल्लक काय उरते, ते वेगळे सांगावयास नको. याचा अर्थ टायर निश्चित निसटेल असा नाही, कारण चांगली जोडी कसोटीच्या मर्यादेपलीकडेही टिकू शकते. परंतु मर्यादेच्या कडेवर हवा भरणे येथे शहाणपणाचे नाही, एवढे त्यातून निश्चित निघते.

६

आता संज्ञांकडे वळू. आकड्याऐवजी आकड्यांनी टायर धरावयाचा असेल तर ते आकडे वापरणाऱ्याला कळले पाहिजेत. प्रत्यक्षात सायकलच्या मापांची भाषा अतिशय संदिग्ध आहे.

‘अठ्ठावीस’ हीच संख्या पाहावी. तालुक्याच्या गावातील सायकल दुकानात ‘अठ्ठावीस’ म्हटले की काळ्या सायकलचे २८ इंची चाक समजले जाते. त्याच्या टायरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. जर्मनीत ‘अठ्ठावीस इंच’ म्हटले की बहुधा ६२२ मिलिमीटरचे चाक अभिप्रेत असते. शर्यतीच्या टायरवर ‘२८-६२२’ असे छापलेले असते तेव्हा अठ्ठावीस ही मिलिमीटरमधील रुंदी असते. एकच संख्या, तीन अर्थ.

अक्षरांची गत याहून बिकट आहे. ‘७०० सी’ यातील ‘सी’ हे जुन्या फ्रेंच मापपद्धतीतील वर्गाचे अक्षर आहे. रिमेवरील ‘१९ सी’ यातील ‘सी’ मात्र ‘क्रोशे’, म्हणजे आकडा, या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर आहे. हा शब्द मराठी घरांना ‘क्रोशाची सुई’ या रूपाने पूर्वीपासून ओळखीचा आहे. सुईच्या टोकाला असतो तोच हा आकडा. नव्या मानकात ट्यूबविरहित आकड्याच्या रिमेला ‘टीसी’ आणि ट्यूबविरहित सरळ कडेच्या रिमेला ‘टीएसएस’ अशी चिन्हे आहेत. टायरच्या बाबतीतही असेच. एका प्रसिद्ध जर्मन कंपनीच्या ‘जीपी ५०००’ या मालिकेतील ‘टीएल’ प्रकारचे टायर आकडारहित रिमेवर चालत नव्हते. २०२१ मध्ये आलेला ‘एस टीआर’ हा प्रकार चालतो. जिवाची हमी एखाद-दुसऱ्या अक्षरावर ठेवलेली, आणि ती अक्षरेही परभाषेतील लघुरूपे.

दाबाच्या बाबतीत मानक ‘बार’मध्ये बोलते, दुकानदार ‘पौंडां’त बोलतो आणि सर्वसाधारण गिऱ्हाईक ‘हवा कडक भरा’ एवढेच म्हणते. काळ्या सायकलला अंगठ्याने दाबून हवा पाहण्याची रीत पुरेशी होती. तेथे दाब मध्यम होता आणि तार पोलादी. आकडारहित रिमेवर ‘कडक’ हे विशेषण धोक्याचे आहे, कारण अंगठ्याला ५ बार व ७ बार यांतील भेद भरवशाने कळत नाही. शिवाय टायरवर छापलेला कमाल दाब आणि रिमेचा कमाल दाब हे भिन्न असू शकतात. दोहोंपैकी जो कमी तोच पाळावयाचा असतो, ही गोष्ट टायरवरचा आकडा स्वतःहून सांगत नाही.

येथे बंडीच्या चाकाची आठवण पुन्हा करणे आवश्यक आहे. तेथेही माप हेच सर्वस्व होते, परंतु सुतार आणि लोहार एकाच गावात एकाच दोरीने मोजीत. आज रिम एका देशात घडते, टायर दुसऱ्या देशात आणि त्यांची जोडणी तिसऱ्याच ठिकाणी, पुण्यात, अमरावतीत किंवा नांदगावात होते. या तिघांमधील दोरी म्हणजे छापील मानक. ती दोरी शेवटच्या हातापर्यंत पोचली नाही तर माप जुळले की नाही हे रस्त्यावरच कळणार.

७

यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. आकडारहित रिम ही मूळातच सदोष घडण आहे, असे म्हणण्यास आधार नाही. मापाचे तत्त्व १८९० पासून आणि लाकडी चाकाच्या रूपाने त्याहून कितीतरी आधीपासून टिकून आहे. परंतु अरुंद टायर, उच्च दाब आणि हलका तंतूंचा काठ यांच्या जोडीला ते तत्त्व एकटे ठेवले की चुकीला वाव फार थोडा उरतो. म्हणून टायर रुंद घ्यावे, रिमेच्या आतील रुंदीशी ते मानकाप्रमाणे जुळते की नाही हे पाहावे, टायर आकडारहित रिमेसाठी मान्य आहे याची खात्री करावी, दाबमापकाशिवाय हवा भरू नये आणि उन्हाळ्यात कमाल मर्यादेच्या बऱ्याच खाली राहावे, एवढी पथ्ये वऱ्हाडातील सायकलस्वाराने अवश्य पाळावीत. ज्याला ही पथ्ये पाळता येणार नाहीत त्याने आकड्याचीच रिम घेणे श्रेयस्कर.

भाषेच्या अभ्यासकांपुढील काम वेगळे आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या मान्यतेची टप्प्यांची शर्यत झाली. या खेळाचे तंत्र व त्याची परिभाषा महाराष्ट्रात यापुढे अधिक वेगाने येणार, हे उघड आहे. शासकीय परिभाषाकोशांच्या धर्तीवर दुर्बोध संस्कृत प्रतिशब्द घडविण्याची येथे गरज नाही. चाक सरळ करण्याला ‘आऊट काढणे’ असे नेमके नाव देणाऱ्या कारागिरांची बोली यासाठी पुरेशी समर्थ आहे. ‘आकड्याची रिम’ आणि ‘बिनआकड्याची रिम’ हे दोन शब्द दुकानातील माणसाला पहिल्या ऐकण्यातच समजतील. चाकाच्या खोक्यावर ‘टीएसएस’ या चिन्हाबरोबर ‘बिनआकड्याची रिम, हवा ७२ पौंडांपेक्षा कमी, टायर २९ मिलिमीटर किंवा अधिक’ एवढी एक ओळ मराठीत असली, तर मानकाची दोरी नांदगावच्या दुकानापर्यंत पोचेल आणि हवा भरणाऱ्याच्या हाती मोजण्याचे साधन येईल.